प्रीतमचा अंगठा

प्रीतम,

फोन घरीच विसरलायस, म्हणून चिठ्ठी त्याच्याखाली ठेवतेय. आईंना सारखी चक्कर येतेय, मशीनवर बीपी भलतंच वर गेलंय. शेजारचे काका रिक्षा आणायला गेलेत. नेहमीच्या दवाखान्यात नेतेय. त्यांची फाईल सापडत नाहीये, शोधून घेऊन ये.

बीपीच्या गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं आहे. व्हिडिओत बघून लसणाचा काढा घेत होत्या. कोरोनात 'मोबाइलवरचं सगळं खोटं' म्हणणाऱ्या आपल्या आई! मी ओरडले, तर म्हणाल्या, "मी ग्रुपवर टाकला तवा प्रीतमनी अंगठा दिला हाय. माजा पोऱ्या खोटा सांगंल का?"

तू तो व्हिडिओ उघडून तरी बघितलेलास का रे? डॉक्टर विचारतील, गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद केली. काय सांगू?

मनस्वी