खोडायचं नाही

१६ ऑगस्ट १९६६, मंगळवार

नाही जमत! कोर्सचा तिसरा आठवडा चालू आहे आणि मी अजून एकाच ओळीपाशी अडलोय. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं — टी बरोबर टी अधिक एच. मी हात वर केला. म्हटलं, सर, एच शून्य असेल तरच हे खरं. सगळा वर्ग हसला. बावीस-तेविशीतली पोरं! पहिल्या बाकावर अलका होती. माझीच मुलगी, माझ्याच वर्गात. ती हसली नाही, मान खाली घालून बसली. ते जास्त लागलं.

१८ ऑगस्ट

वीस वर्षं माझ्या हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर' आहे. बंदरात उद्या पाणी किती चढेल ह्याची कोष्टकं आम्ही करतो. चंद्राची भरती, सूर्याची भरती, अशा कितीतरी लाटांची बेरीज — हातानं फिरवायचं यंत्र, पेन्सिल आणि कागद. आता ते नाव इथं मद्रासात, गिंडीच्या गार खोलीतल्या एका कपाटाएवढ्या मशीनला दिलंय! डिसेंबरअखेर आमची खोली बंद. साहेबांनी स्वच्छ सांगितलं — कोर्स करा, परीक्षा पास व्हा, मशीनवर घेतो. नाहीतर भांडारात. म्हणजे ज्या हातानं समुद्र मोजला त्या हातानं टाचण्या आणि खळीच्या बाटल्या वाटायच्या.

अलकाची गोष्ट वेगळी. यंदाच एम.एस्सी. झाली, ह्याच मशीनवरच्या नोकरीसाठी स्वतः अर्ज केला. वर्ग सुटला की मशीनच्या खोलीच्या काचेला नाक लावून उभी राहते, जत्रेत पाळण्यासमोर राहायची तशी. हाक मारली तरी ऐकू येत नाही तिला.

३१ ऑगस्ट

रोज संध्याकाळी अलका माझी शिकवणी घेते. "बाबा, ते 'बरोबर' नाहीच हो. ती पेटी आहे. त्यातलं जुनं काढायचं, नवं टाकायचं."

"मग जुनं कुठं जातं?"

"पोच्चु! गेलं!"

मद्रासची पोर, मराठीत घास आणि तमिळमध्ये पाणी.

पण गेलं कसं? आमच्या खोलीत हे पाप आहे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी कृष्णस्वामींनी — आमच्या खोलीतले सगळ्यांत जुने, तंजावरचे मराठी — पहिली गोष्ट हीच शिकवली. खोडायचं नाही, आकड्यावर आकडा लिहायचा नाही, नवा आकडा नव्या रकान्यात. चूक झाली तर मागं जाऊन सापडली पाहिजे. आता ह्या वयात पुसायला शिकू?

९ सप्टेंबर

फजिती! माझा पहिला प्रोग्रॅम परत आला. सवयीनं प्रत्येक बेरजेला नवं नाव दिलं होतं. टी एक, टी दोन, टी तीन... मशीनची सगळी जागा भरून गेली म्हणे. ऑपरेटर रंगा म्हणाला, "सार, त्याचं पोट केवढं, तुम्ही वाढलंत केवढं!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. हिनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. काय सांगणार!

२० सप्टेंबर

आज फंक्शन शिकवलं. आणि — कळलं! आकडे आत द्यायचे, उत्तर बाहेर येतं. बास. अहो, ही तर आमची चिठ्ठी! मी शेजारच्या टेबलावरच्या मालोजीला चिठ्ठी देतो, तो कोसाइन काढून चिठ्ठी परत देतो. तो माझ्या कागदाला हात लावत नाही, मी त्याच्या टेबलाकडे बघत नाही.

सगळा प्रोग्रॅम असाच लिहिला. बेरजेसाठीसुद्धा फंक्शन — पहिली लाट बाजूला काढा, उरलेल्यांची बेरीज त्याच फंक्शनला करायला सांगा, दोन्ही मिळवा. कुठं खोडणं नाही, पुसणं नाही. कार्डं पंच करायला देऊन आलो. बसमध्ये चक्क गुणगुणत होतो.

२७ सप्टेंबर

मशीन अडकलं. गोल गोल फिरत राहिलं, शेवटी रंगानं बंद केलं. मास्तर म्हणाले, "फंक्शननं स्वतःलाच हाक मारायची नसते." का, ते नाही सांगितलं. अलकानं सांगितलं — माणूस दर वेळी नवी चिठ्ठी घेतो, ह्या मशीनजवळ एका फंक्शनला एकच चिठ्ठी. दुसऱ्यांदा हाक मारली की पहिल्या वेळी परत कुठं जायचं होतं, तेच पुसलं जातं.

मी मूर्ख आहे. आणि आता शहाणा व्हायचं वयही राहिलं नाही. आज येताना भांडाराच्या खोलीत डोकावलो. एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी.

८ ऑक्टोबर

अलकानं सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स आणल्या. अमेरिकेहून आलेले कुणी पाहुणे व्याख्याते ठेवून गेलेत. लिस्प नावाची भाषा. दुपारभर वाचत होतो. ह्यात फंक्शन स्वतःला खुशाल हाक मारतं, दर वेळी नवी चिठ्ठी! एकदा ठेवलेला आकडा बदलायची गरजच पडत नाही. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"अलके, हे तर आमचंच!"

"हो बाबा. पण इथल्या मशीनवर हे चालत नाही."

घ्या! मशीनला येतं ते मला येत नाही, मला येतं ते मशीनला येत नाही.

१९ ऑक्टोबर

हे लिहून ठेवलंच पाहिजे. अलकानं आमची भरतीची बेरीज लिस्पमध्ये लिहिली आणि आमच्या खोलीत घेऊन आली. चालवायची कशी? कृष्णस्वामी म्हणाले, "मशीन नाहीं म्हणून काय झालें? आम्हीं चौघे आहों की! बैस तिथें, कण्णा." अलकाला ते लाडानं असंच म्हणतात.

आणि बसलो — कृष्णस्वामी, सुब्बा, मालोजी आणि मी. अलकानं पहिली चिठ्ठी दिली. चिठ्ठीतून चिठ्ठी निघत गेली, एकाच्या हातात तीन-तीन, कुणी कुणाचं काही पुसलं नाही. मग उत्तरं उलटी परत येऊ लागली आणि शेवटची चिठ्ठी अलकाच्या हातात पडली. छापील कोष्टकातलाच आकडा! ती टाळ्या वाजवत उठली. "बाबा, तुमची खोलीच मशीन आहे!"

सुब्बा म्हणाला, "डिसेंबरपर्यंत."

२१ ऑक्टोबर

ऑफिसात आयुधपूजा. हँडलच्या यंत्रांना चंदन-कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. बहुतेक शेवटचेच. साहेबही आले, आज फार मोकळे बोलत होते. माझ्याशेजारी उभे राहून प्रसादाची हरभऱ्याची उसळ — सुंडल — खाल्ली, घरच्यांची चौकशी केली. म्हणाले, "मशीनला रात्रपाळी लागणार आहे. मुलीला रात्री गिंडीहून एकटीला येऊ द्याल?" म्हटलं, "छे छे, सर!" बापानं दुसरं काय म्हणायचं? त्यांनी मान डोलावली आणि आणखी सुंडल मागून घेतलं. एरवी आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

५ नोव्हेंबर

परीक्षा झाली. अलका म्हणाली होती, "पाटी समजा बाबा, आणि पुसत जा." पुसत गेलो. टी बरोबर टी अधिक एच. काही सुचत नव्हतं, फक्त पुसत होतो. पास होणं शक्य नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. हिनं चिरोटे केले. मला चव लागली नाही. मनात भांडाराची खिडकी.

१८ नोव्हेंबर

पास झालो. मशीनवर घेतलं.

अलका परीक्षेत पहिली आली. तिला घेतलं नाही. साहेब म्हणाले, "रात्रपाळीचा प्रश्न निघालाच. मी निवड समितीला सांगितलं, वडिलांनाच विचारलंय, ते नको म्हणाले."

मी म्हटलं, सर, तो शब्द खोडा. मी बोललोच नाही असं समजा. रोज आणायला जाईन मी तिला! ते म्हणाले, निर्णय झाला.

घरी आलो तर अलकाला आधीच कळलेलं. रात्रपाळीमुळे, एवढंच. कुणाच्या शब्दावरून, ते नाही. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बाबा, रोज आलात की मला सांगाल ना, आज मशीननं काय काय केलं?"