टाचेची गोष्ट कोणी फोडली?

१८ जाने. २००१, गुरु.
कराटे क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना माझ्याभोवती उभं करून ओरडायला लावलं. मी मधे. सोनलशी लढायचं आणि डोकं शांत ठेवायचं. तीन मिनिटं ठेवलं!
नंतर पाणी पिताना सोनल म्हणाली, "किक मारायच्या आधी तुझी उजवी टाच उचलते गं. मला लगेच कळतं."
आम्ही दोघी एकाच वजनगटात. राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून गटात एकच जाणार, निवड रविवारी. मग ही मदत केली की माझ्या डोक्यात किडा सोडला?

१९, शुक्र.
मनवेलपाड्याच्या नाक्यावर सोनल आणि नीलिमा. नीलिमा म्हणजे गोखिवऱ्याच्या क्लासची, तीही आमच्याच गटात. मला बघून दोघी गप्प.
"अगं, एकाच ट्युशनला होतो आम्ही," सोनल.
असेल. मला नाही पटलं.

२०, शनि.
जेवण गेलं नाही. आई म्हणते, परीक्षेला एवढी घाबरली नव्हतीस. भीती नाहीये ही. राग आहे.

२१, रवि.
सेमीफायनलला समोर नीलिमाच. सर ओरडतायत, "श्वास सोड, श्वास सोड!" कसला सोडतेय. तिची नजर सारखी माझ्या पायावर. एकूण एक किक अडवली. ४-१. संपलं.
सोनल तिची सेमी जिंकली. फायनलआधी नळावर नीलिमा भेटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सोनलचा ठोसा चुकला की तिचा डावा हात खाली येतो." तिने विचारलंही नव्हतं.
सोनल हरली. दोन्ही पॉइंट त्याच बाजूने गेले. मला बघवेना.
निघताना नीलिमाला गाठलं. "माझ्या टाचेचं तुला सोनलनेच सांगितलं ना?"
"कसली टाच? प्रत्येक किकआधी तूच खाली पायाकडे बघत होतीस. म्हणून मीपण बघायला लागले."
खोटं बोलत असेल. देवा, खोटंच बोलत असू दे.

२२, सोम.
क्लासला गेले नाही. पाय दुखतोय सांगितलं.

२३, मंगळ.
सोनलचे डोळे अजून सुजलेले. मला जिन्यात ओढलं. "माझ्या हाताचं फक्त तुला आणि सरांना माहीत होतं. सरांनीच सांगितलं तिला. मी क्लास सोडतेय, आणि सगळ्यांना कारण सांगून सोडणार. तू आहेस ना माझ्या बाजूने?"
आत सर लहान मुलांना ओळीत उभं करत होते.
मी म्हटलं, "उद्या सांगते."