आरतीची पोटगी आणि माझा मान

७ एप्रिल २०२५, किकवी
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
धाकटी बहीण रत्ना म्हणते, भोरच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकू. तिचा नवरा संपत तीन वर्षं फिरकला नाही. टेम्पो चालवतो, पण लेकीला, आरतीला, साधा फ्रॉक पाठवलेला नाही. फडतूस माणूस! जूनमध्ये पोरगी पहिलीत जाईल. मी म्हटलं, कोर्ट हे भित्र्यांचं काम. हा गोरखदादा बसलाय ना! असल्याला चार शब्दांत सरळ करतो.

८ एप्रिल
चार शब्द ठरवतोय. दोन झाले : 'हे बघ'.

१० एप्रिल
संपतच्या गावी, हिर्डोशीला, निघणार होतो. एसटी मोजक्याच, त्याही नेमक्या माझ्या झोपेच्या वेळेला. रत्ना हायवेच्या हॉटेलात भाकऱ्या थापते. मग बाइकनंच जायचं ठरवलं, पेट्रोल तिनंच भरलं. जबाबदारी दिली की बायकांना बरं वाटतं.

१३ एप्रिल
परवा हिर्डोशीची जत्रा, संपत येणार. पक्की खबर. रत्ना म्हणाली, दादा, दर म्हैन्याला पैसं देतो म्हणून कागदावर त्याची सही आण, न्हाईतर मी वकिलाकडं जाते. आणि तिथं जेवू नगंस. सख्ख्या भावावर संशय!

१६ एप्रिल, सकाळी ११
काल बैठक गाजवली. मला बघून संपतची पाचावर धारण बसली. त्याचे चुलते कोंडिबा म्हणाले, पाव्हणं, आदी जेवान, मग इषय. जत्रेचं मटण नाकारणं बरं दिसत नाही. तिसऱ्या वाढपापर्यंत मी चकार शब्द काढला नाही. त्यांना घाम फुटला असणार. मग चारचौघांत मला टॉवेल-टोपी, नारळ. कोंडिबा सगळ्यांना म्हणाले, पाव्हण्यांनी मान घेतला, इषय मिटला. मी टोपी नीट बसवली.

१७ एप्रिल
रत्नानं विचारलं, सही कुठं? मी नारळ दाखवला. म्हणाली, दादा, मान घेतलास म्हंजी त्यांच्या लेखी पोरीचं समदं फिटलं. आता संपत गावभर तेच सांगंल. बाईमाणसाला बैठकीतलं काय कळतं? फार वाईट वाटलं. केल्याची जाण नाही. आरती नवा टॉवेल घेऊन आंघोळीला गेली.

२१ एप्रिल, दुपारी ४
रत्ना एकटीच भोरला जाऊन आली. अर्ज टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. पिशवी ठेवली आणि तशीच हॉटेलवर गेली.
कागद काढून वाचायला घेतले. त्या वकीलबाईंनी चुका केल्या असणारच. संपतचा पत्ता, टेम्पो, कमाई, सगळं लिहिलंय. खाली शपथपत्रात रकाना : अर्जदारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती.
एक, आरती, मुलगी, वय सहा.
दोन, गोरख, भाऊ, वय एकेचाळीस.
दोनदा वाचलं. चूक सापडली नाही.