मागच्या दारानं आण

बेळगाव, ता. ९ मार्च १९१९

तीर्थस्वरूप गं. भा. अक्काच्या पायांशी हंबीररावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. येथे सारे खुशाल. तुझ्या गुडघ्यांचे कसे काय, ते कळव.

गेल्या सोमवारी मुन्सफीच्या खुर्चीवरून उठलो. वकीलमंडळींनी पानसुपारी केली. आता पेन्शन घेऊन कोल्हापुरास घरी येतो. सोबत आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे पुस्तक धाडले आहे. कोण कोठे चढला, कोणाची मुले काय करतात, सारे त्यात आहे. माझी हकीकत अकराव्या पानावर. न लागल्यास कुतुबुद्दीन मास्तर वाचून दाखवतील. आमच्याच वर्गातला तो, आणि पुस्तक त्यानेच जुळवले.

धाकट्या आकारामाचे लग्न वैशाखात ठरले. व्याही इनामदार आहेत. आपली शालू दवाखान्यात लोकांची बाळंतपणे करते, हे त्यांच्या कानी जाता कामा नये. त्या सुमारास तिला दुसरीकडे ठेव. माझीच मुलगी, मलाही वाईट वाटते. पण घराण्याचा प्रश्न आहे.

तुझ्या मायेची सावली असू दे.

हंबीरराव


कोल्हापूर, ता. १६ मार्च १९१९

चिरंजीव हंबीरास अंबूअक्काचा आशीर्वाद. हे माझ्या हातचं पत्र हाय. शालूनं लिवायला शिकवलं.

अकरावं पान वाचलं. ‘स्त्रीशिक्षणाचे कैवारी’ असं तुझ्या नावाखाली छापलंय, आणि त्याच्याखाली ‘संतती: दोन पुत्र’. मला वाटलं, छापणाऱ्यानं घोळ केला. मास्तरांना बोलावून चार शब्द सुनावले. ते बिचारे तुझ्या हातचा कागदच घेऊन आले. त्यावर शालूचं नाव तू आधी लिवलंस, आणि मग रेघ मारलीस. त्या रेघेची मला किळस आली, हंबीरा.

गेल्या दिवाळीच्या साथीत आकाराम तापानं फणफणत इथं आलता. गल्लीत रोज मढी उठत होती. भावकीतलं कोण उंबरा चढलं न्हाय. सतरा दिवस शालूनं त्याची घाण काढली. तवा तिच्या हाताची लाज नव्हती व्हय? चौदाव्या वर्षी कुंकू पुसून आलेल्या पोरीला तू कोपऱ्यात बसवणार होतास. मी दवाखान्यात शिकायला घातली. परत घालीन.

लपवायची काळजी सोड. तिला पन्हाळ्याच्या दवाखान्यात नर्सबाईची जागा मिळालीया. मी तिच्यासंगं चालले. वीस वर्षं तुझं घर झाडलं, आता किल्ली मास्तरांकडं हाय. लग्नात माझी वाट बघू नको.

वर आशीर्वाद लिवला तो रीत म्हणून. तेवढाच घे.

अंबूबाई


कोल्हापूर, ता. ५ एप्रिल १९२०

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी नमस्कार. वि. वि. वर्षभर तुझी ओळ नाही. झाले गेले मनात ठेवू नये.

आकारामाच्या बायकोचे दिवस भरले. मूल आडवे आहे, म्हणून डॉक्टरांनी माहेरी नेऊ दिले नाही; व्याही-विहीणच येथे उतरली आहेत. सूनबाई परपुरुषाला अंगास हात लावू देत नाही आणि शालूवन्सं हव्यात म्हणून रडते. आकारामाने तिला सारे सांगून ठेवले आहे. पोर हातची जाईल, अक्का. शालूस घेऊन ये. मात्र मागच्या दारानं आण. पगारी सुईण म्हणून सांगू.

एवढी कृपा कर.

हंबीरराव


पन्हाळा, ता. २५ मे १९२०

हंबीरास अंबूअक्काकडून. नातू झाल्याचं तुझं पत्र महिनाभर तसंच पडून होतं, हात लावावासा वाटंना. ‘ईश्वरकृपेने व डॉक्टरसाहेबांच्या हातगुणाने’ असं साऱ्या सोयऱ्यांना लिवलंस ते समजलं. मलाबी तेच? मी तिथं होते की रं!

तू माडीवर बसलेलास, म्हणून सांगते. तुझी चिठ्ठी वाचून शालू एवढंच म्हणाली, आत्या, टांगा सांग. भर दुपारी आम्ही पुढच्या दाराशी उतरलो. केरबा गड्यानं मागं बोट दाखवलं. शालूनं पेटी त्याच्याच हातात दिली आणि उंबरा ओलांडला. विहीणबाईंनी कोण म्हणून विचारलं. आकारामाची थोरली बहीण, नर्सबाई, असं तिनं सांगितलं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. म्हणाल्या, लेकीनं वर्षामागंच कळवलंय, तुमचीच वाट बघतोय. मग तू कुणापासनं लपवत होतास, बाबा?

डॉक्टर दाराबाहेरनं सांगत होता, हात हिचे चालत होते. दोनदा मला वाटलं, दोघंबी गेली. दिवस कलायला पोर रडलं. तवा तू खाली आलास, नातू बघितलास, आणि हिनं गुंडाळलेलं दुपटं बदलायला सांगितलंस. हिच्या देखत. कॉलेजात जाऊन हेच शिकलास? मला शिसारी आली, अजून येतीया. तिनं हात धुतले, सूनबाईला धीर दिला, आणि टांग्यात येऊन बसली. वाघबीळाचा घाट येईपर्यंत रडत होती. ते तुला कळावं, म्हणून हे पत्र.

सूनबाई अडून बसली होती, पोराच्या आत्याशिवाय बारसं करायचं न्हाय. काल आकाराम बायको-पोराला घेऊन इथं आला. शालूनं पाच बायका गोळा केल्या, पोराच्या कानात नाव सांगितलं. तुला बोलवावं का, असं आकारामानं विचारलं. शालूनं पाळण्याला झोका दिला.

आत्ता पोर तिच्या मांडीवर निजलंय, आणि तीबी बसल्या जागी पेंगतीया. त्याला पाळण्यात ठेवायला उठते.

अंबूबाई