डाव्या खांद्याची बंदूक

औरंगपुरा, औरंगाबाद
ता. ११ ऑगस्ट १९७४

चि. नाना यास द्वारकाअक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं, बाजरीचं पीठही पोचलं. पीठ उत्तम आहे. पत्र तसं नाही.

तू वच्छलेला बंदूक घेऊन द्यायला तयार झालास, हे मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोरीने नशीब काढलं असं म्हणणार होते, तोच पुढच्या ओळीत तू ठरवलेली बंदूक आली. बद्रीनाथच्या दुकानातली ती जर्मन, आक्रोडाच्या दस्त्याची. बैल घेताना तू दात मोजतोस, खूर उचलून बघतोस. बंदूक मात्र पॉलिश बघून ठरवलीस?

क्लबात बंदुका दोन आणि नेमबाज अकरा. जानेवारीच्या राज्य स्पर्धेला जायचं तर सरावाला स्वतःची हवी, असं सेक्रेटरी म्हणाले म्हणून हा सगळा घाट. पॉइंट टू-टूचं काडतूस ते केवढं! बुडाच्या कडेवर ठोका बसला की उडतं आणि पन्नास मीटरवरच्या कागदाला भोक पाडतं. तुझ्या मक्यातली डुकरं त्याने मरायची नाहीत, तेव्हा तो बेत आधी डोक्यातून काढ.

त्या जर्मन बंदुकीचा बोल्ट, दर गोळीला ओढायचा दांडा, उजवीकडे आहे. गाल टेकायचा उंचवटाही उजव्या हाताच्या माणसासाठी कोरलेला. तुझी मुलगी बंदूक डाव्या खांद्याला लावते, हे तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. दर गोळीला पकड सोडून तिला हात पलीकडे न्यावा लागेल आणि बसलेला नेम मोडेल. तिला शिकवणारे सांडू हवालदार म्हणाले, की बंदूक पोरीच्या गालाला बसली पायजे, बापाच्या मिशीला नाय.

तेव्हा दुकानात नाही म्हणून कळव. मनकर्णेला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे म्हणून रागावते; तो टिकवणं आता तुझ्याकडे.

तुझी
द्वारकाअक्का

पिशोर, ता. कन्नड
ता. २० ऑगस्ट १९७४

ती. अक्कास नानाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मनकर्णानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मिशीचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. डुकरांचं मी गमतीनं लिहिलं होतं. निम्मं गमतीनं.

पण अक्का, माझं पण ऐक. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर बापूंची बंदूक तहसीलला जमा झाली, ती परत आली नाय. तेव्हापासून दसऱ्याच्या शस्त्रपूजेत तलवार आणि कोयत्यांच्या मधी तिची जागा मोकळी ठेवतो, तिथं नारळ मांडतो. सव्वीस वर्षं झाली. औंदा त्या जागी वच्छीची बंदूक मांडायची आणि पूजा झाल्यावर तिनंच गावासमोर उचलायची, असं लई मनात आहे. ती काय डाव्या हातानं उचलणार? देवापुढं?

पाच वर्षांची असताना तिचा डावा हात मी फडक्यानं बांधून ठेवला होता. तीन महिन्यांत उजव्यानं जेवायला लागली. तसं हे पण जमंल. तुझं सगळं पहिल्यापासून नीटनेटकं, अक्षर मोत्यासारखं. डावखुऱ्या पोरीच्या बापाची काळजी तुला काय कळणार?

राग आला असंल तर येऊ दे, माया तेवढी आटू देऊ नको.

तुझा
नाना

औरंगपुरा
ता. २७ ऑगस्ट १९७४

चि. नाना यास अ. उ. आ.

मोत्यासारखं अक्षर! मग ते कसं आलं तेही ऐक.

बापूंनी मला सिकंदराबादला कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं तेव्हा तू पाळण्यात होतास. मी डावखुरी होते. आमच्या वर्गाच्या सिस्टर रोज लाकडी पट्टीच्या कडेने माझ्या डाव्या हाताच्या पेरांवर मारायच्या. मी बापूंना कळवलं. बापूंनी सिस्टरचे आभार मानणारं पत्र पाठवलं. त्या पट्टीने हे मोती पाडले आहेत, नाना. पन्नास वर्षांत मी डाव्या हाताने एक ओळ लिहिलेली नाही. शिकले, शिकवलं, हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झाले, आणि अजूनही ओट्यावरून वाटी घरंगळली की आधी डावा हात पुढे जातो.

तू वाईट बाप नाहीस. बापूही नव्हते. म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही. ते सगळं साठलेलं आता तुला मिळतं आहे.

हवालदारांनी एक जुनी इंग्रजी मार्टिनी शोधली आहे. तिला बोल्टच नाही. खाली, मधोमध एक कडी आहे. कडी ओढली की वरचं तोंड उघडतं, काडतूस ठेवायचं, कडी मिटायची. तिला डावं-उजवं काही नाही. दस्ताही साधा, सरळ. दिसायला अगदीच गबाळी, वजन पाट्यासारखं, पण नळी आतून स्वच्छ आहे. हवालदारांनी पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, त्या चार आण्याच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या.

परवाना मंजूर झाला आहे. त्यावर कोणती बंदूक चढवायची ते पंधरा सप्टेंबरच्या आत लिहून द्यायचं. सही वच्छलेची, पण तुझ्या शब्दाबाहेर ती जायची नाही. नको ती बंदूक गळ्यात पडली तर जानेवारी गेला, आणि मला वाटतं, नेमबाजीही गेली. एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर ये. तिला नेम धरताना एकदा बघ. मग तू म्हणशील ती.

ओरडले तरी तुझीच आहे, हे विसरू नकोस.

द्वारकाअक्का

पिशोर
ता. १० सप्टेंबर १९७४

ती. अक्कास नानाचा सा. न. वि. वि.

परवाच्या रविवारी आलो होतो. तुझ्याकडं न येता गेलो, माफी कर. तुझ्यासमोर बसायची हिंमत नव्हती.

हवालदारांनी मला मागं भिंतीशी उभं केलं. वच्छीला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, पोरगी पंधरा दिवस झाले तुझ्या घरून, तुला न सांगता, लवकर निघून येते आणि क्लबाच्या बंदुकीवर उजव्या खांद्यानं सराव करते, अण्णांची, म्हणजे माझी, तशी इच्छा आहे म्हणून. दहातल्या चार गोळ्या काळ्या वर्तुळाच्या बाहेर गेल्या. ती उठून चटईवर बसली. काडतूस उचलायला तिचा डावा हात आधी गेला. तो तिनं मागं घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

अक्का, फडकं सोडल्यावर ती पंगतीला अशीच बसायची. हात मांडीखाली दाबून. मला वाटायचं, पोरीला वळण लागलं.

हवालदारांना म्हणालो, मार्टिनी लिहा. उचलून बघितली. गोळी राहू दे, नुसती फेकून मारली तरी डुक्कर मरंल.

पट्टीचं तू मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाय. आता सांगितलंस, तशीच सांगत राहा.

तुझा
नाना

पिशोर
ता. २७ ऑक्टोबर १९७४

ती. आत्यास वच्छलेचा शि. सा. न.

दसरा झाला. माझी गबाळी मार्टिनी आजोबांच्या जागेवर मांडली होती. इतकी वर्षं तिथे असायचा तो नारळ अण्णांनी फोडून सगळ्यांना वाटला.

उचलायची वेळ आली तेव्हा माझा उजवा हात पुढे गेला. मुद्दामच. बन्सीकाका, ते आमच्या शेजारचे, मान हलवून शाब्बास म्हणाले. अण्णांनी मला थांबवलं, माझा डावा हात ओढून घेतला, तळव्याला कुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की या हाताची पूजा लई दिवसांची राहिली होती. बन्सीकाकांना ठसका लागला. आईने त्यांना पाणी दिलं, पण हसत.

मी बंदूक डाव्या हातानेच उचलली. पण त्याआधी अण्णांनी माझं मनगट लगेच सोडलं नाही. फडकं बांधायचे त्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

तुमची माया अशीच भांडकुदळ राहो.

तुमची
वच्छला

औरंगपुरा
ता. ३ नोव्हेंबर १९७४

चि. वच्छलेस अ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही. हे डाव्या हाताने लिहिलं आहे. एवढ्या ओळींना सकाळ गेली, आणि ‘ळ’ अजून उताणा पडतो.

नानाला दाखव. म्हणावं, मोती संपले.

चाप ओढताना घाई करू नकोस. मीही करत नाही.

लोभ या हातानेही तेवढाच.

तुझी
आत्या