देशाचं नाव मीच सुचवलं होतं

३ मार्च, सकाळ
महाराज काल विमानाने देश सोडून गेले. रेडिओ म्हणतो, राजेशाही संपली. मी शांत आहे. चहा सांडला तो कप तिरका होता म्हणून.

४ मार्च
नकाशा कचेरीत हुकूम. देशाच्या नावातलं महाराजांच्या आजोबांचं नाव झाकायचं. पांढरी पट्टी, वर 'प्रजासत्ताक'. मी हेडक्लार्क, म्हणून पहिली पट्टी माझ्या हातची. वाकडी लागली. नकाशा उजेडात धरला तर पट्टीखाली आजोबा दिसतात, आणि त्यांच्याखाली खरवडलेलं नदीचं नाव. मूळ देश नदीच्याच नावाचा.

५ मार्च
घात झाला. बावीस वर्षांपूर्वी ज्या समितीने आजोबांचं नाव देशाला दिलं, तिची चौकशी होणार. आणि मी बावीस वर्षं लग्नांत, पार्ट्यांत सांगत आलोय की नाव मीच सुचवलं. न्हाव्याला तर दर महिन्याला.
निश्चय: अवाक्षर काढायचं नाही. केस घरीच कापायचे.

६ मार्च
कापले. बायको म्हणाली, आता तुम्हाला कोणी ओळखणार नाही, काळजी मिटली. इथे जिवाशी गाठ आणि हिला थट्टा सुचतेय.

८ मार्च
ड्राफ्ट्समनने सहज विचारलं, साहेब, ते नाव तुमचंच ना? मी विचारलं, कुठलं नाव? तो म्हणाला, देशाचं. मी विचारलं, कुठला देश? उत्तर बेमालूम जमलं.

११ मार्च, सकाळी सहा
जिन्यावर बूट वाजले. मी खाटेखाली गेलो, चप्पल शोधायला. दूधवाला होता.

१२ मार्च
समन्स. उद्या अकरा वाजता. माझं अक्षर मलाच लागत नाहीये. बायकोने बॅग भरली. दोन शर्ट, मफलर, दाढीचं सामान. थट्टा केली नाही. तेव्हा खरी भीती वाटली.
प्लॅन: सगळं नाकारायचं.

१३ मार्च, संध्याकाळ
चौकशी अधिकारी बाईंनी जुनी फाइल उघडली, नावांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, समितीत तुम्ही नुसते मदतनीस कारकून, त्यातही नाव ठरलं त्या दिवशी गैरहजर. जा घरी.
सुटलो! दारापर्यंत पोचलोही. बाहेर बाकावर ड्राफ्ट्समन बसला होता, त्याने सगळं ऐकलेलं. गालात हसला.
परत वळलो. म्हणालो, बाई, नीट बघा, नाव मीच सुचवलं होतं. त्यांनी विचारलं, लेखी द्याल? दिलं. सही झोकात केली.
हे मी काय करून बसलो?

१७ मार्च
बॅग दाराशी. बायकोने एवढंच विचारलं, दारातून परत का वळलात? ती रडली. मीही.

२० मार्च
पत्र आलं. बायकोनेच फोडून वाचलं. आपला दावा पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.
ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, नाव ठरलं त्या दिवशी तुम्हाला गालगुंड झालं होतं, मीच शेकत बसले होते. बावीस वर्षं गप्प राहिले, तुम्हाला बरं वाटायचं म्हणून. मग बॅगेतला मफलर काढून कपाटात ठेवला.
पत्र पुन्हा वाचलं. वर देशाच्या जुन्या नावावर पांढरी पट्टी आहे, आमच्याच कचेरीतली, वाकडी. माझं नाव कुठेच नाही. नुसतं 'अर्जदार'.