वर्ग चालूच होता

माय,

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुला आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तू असतीस तरी हे तुला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते तसं का, हेच मला सांगायचं आहे. पण आधी थोडी चीड ओकून टाकते, त्याशिवाय माझा हात पुढे सरकणार नाही.

गेल्या महिन्यात आम्हा अंगणवाडीच्या बायकांना भद्रावतीला एका हॉलमध्ये बोलावलं होतं. बाहेरगावची एक बाई भाषण द्यायला आली होती. इस्त्रीची साडी, कानात मोती, आवाज असा की जणू आम्ही सगळ्या आजारी आहोत. तिने पडद्यावर तीन गोल दाखवले. एकात काम, दुसऱ्यात कुटुंब, तिसऱ्यात ‘मी’. तिन्ही गोल सारख्याच मापाचे, रंगीत, एकमेकांना जरासे टेकलेले. म्हणाली, पहाटे चारला उठा, तो वेळ तुमचा. सोडून दिलेली स्वप्नं पुन्हा हातात घ्या. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मीही वाजवल्या, आणि माझ्याच तळहातांची मला किळस आली. चारला उठून काय करतात ते मला ठाऊक आहे. नवऱ्याची पहिली पाळी असली की मी साडेतीनला उठते आणि त्याचा डबा करते. आमच्या माजरीत, खाणीच्या गावात, पहाटे शेगडीवरसुद्धा कोळशाची धूळ बसलेली असते, आधी फडका मारायचा, मग गॅस पेटवायचा. आठला अंगणवाडी. पोरांची वजनं, खिचडी, मग प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर फोटो; फोटो गेला नाही तर पोर जेवलंच नाही असं समजतात. दुपारी खाणीत सुरुंग उडतो, कपाटातली भांडी वाजतात, सासूबाई दचकून उठतात आणि चहा मागतात. यात माझा गोल कुठे बसवायचा ते त्या बाईने सांगितलं नाही.

बी.ए.चं दुसरं वर्ष अर्धं सोडून मी लग्न केलं, हे तुला माहीत आहे. ‘पुढं शिकजो’ असं तू मला निरोप देताना सांगितलं होतंस. तुझे जावई तेव्हा ‘हो हो’ म्हणाले होते. ते वाईट नाहीत. डंपर चालवून घरी येतात, अंगावरून काळं पाणी जाईपर्यंत आंघोळ करतात, जेवतात, झोपतात. विचारलं की अजूनही तेच म्हणतात, “कर ना तू, मी काही नाई म्हणून राह्यलो काय?” आणि पाय लांब करून पाण्याचा ग्लास मागतात. पदवी असली तर मला पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येईल. पण खरं सांगायचं तर ते कारण मी लोकांना सांगते. मला अर्धं सोडलेलं ते वर्ष दाताच्या फटीत अडकलेल्या काट्यासारखं वीस वर्षं टोचतं आहे, म्हणून मी तीन वर्षांपूर्वी मुक्त विद्यापीठात नाव घातलं.

पहिल्या वर्षी पुस्तकं आली आणि कपाटात गेली. दुसऱ्या वर्षी वाचायला घेतली. उजळणी झाली, प्रश्न काढून झाले, वरोऱ्याचं परीक्षा केंद्र बघून झालं. पहिल्या पेपरच्या सकाळी सासूबाईंना ताप आला. नव्याण्णव. मी तो तीनदा मोजला, आणि तिसऱ्यांदा मोजताना तो वाढावा असं मला वाटत होतं. वाढला नाही. तरी मी साडी बदलली, पाट्यावर मिरची घेतली आणि दिवसभर सगळ्यांना फोन करून सांगितलं की काय करणार, घरात म्हातारं माणूस आजारी. बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, अंगणवाडीच्या मदतनीस बाईला सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, बाईच्या जातीला सुटका नाही. मला ते ऐकायला गोड लागत होतं. संध्याकाळी सासूबाई बाजेवर उठून बसल्या, भाताची पेज प्यायल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मले ताप होता तं मी झोपली होती. तुले कोणं पकडून ठेवलं होतं? माह्या नावानं काऊन सांगते सगळ्याईले?” त्या म्हातारीला मी वीस वर्षं मनातल्या मनात माझ्या वाटेतला दगड समजत होते, आणि दगड मीच तिथे आणून ठेवला होता. त्या दिवसापासून ‘घरच्यांमुळे राहिलं’ असं कोणी म्हटलं की मी तिथून उठते.

आणि तेव्हापासून तू आठवायला लागलीस, बसमधली.

तुलाही सोडलेलं पुन्हा धरायचं होतं. लहानपणी दोन महिने पहिलीत बसलीस आणि मामा जन्मल्यावर त्याला सांभाळायला घरी ओढली गेलीस, हे तू सांगायचीस ते हसत. मग अक्षराशिवाय सगळं आयुष्य तू भागवलंस. तळ्यात बाबा जाळं टाकायचे, तू टोपली भरून सावली गावाच्या स्टँडवर यायचीस आणि मूल गावाच्या बाजाराची बस धरायचीस. पाटी वाचता येत नव्हती म्हणून तू ड्रायव्हर ओळखून ठेवला होतास, पांढऱ्या मिशांचा. तो दिसला की मूलची गाडी. वैशाखात एक दिवस त्याची नेमणूक बदलली आणि तू त्याच्या भरवशावर गडचिरोलीच्या गाडीत चढलीस. तुला कळलं कधी, तर वैनगंगा आडवी आली तेव्हा. ती नदी तू हजार नद्यांत ओळखली असतीस. “अवो, थांबवा, हे तं माही नदी होय!” असं तू ओरडलीस म्हणे, आणि अख्खी गाडी हसली. पलीकडे उतरवलं, परतीची गाडी मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दुपारी तू घरी आलीस तेव्हा टोपलीतल्या मरळीचे डोळे बसले होते आणि झिंग्यांचा चिखल झाला होता. परसात खड्डा खणून तू ते सगळं पुरलंस, वरून राख टाकलीस. मी उंबऱ्यात नाकाला ओढणी लावून उभी होते. तू हात चिंचेने घासत म्हणालीस, “मले अक्षर शिकाचे हायेत. पुन्हा मी मिशा पाहून गाडीत नाई बसणार.”

त्याच पावसाळ्यानंतर समाजमंदिरात बायकांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. दुपारी दोनचा. शाळेतल्या बाई चालवायच्या आणि त्यांनी नववीतल्या दोन मुलींना हाताखाली घेतलं, त्यातली एक मी. माझ्या छातीवर बिल्ला होता. मला किती मोठं झाल्यासारखं वाटायचं! धानवाल्या घरच्या बायका जेवणं आटपून, वेणी घालून, पावडर लावून यायच्या. तू बाजारातून थेट यायचीस, रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून. तुला घरी जाऊन अंग धुवायला वेळ मिळत नव्हता, कारण आंघोळ केली असतीस तर वर्ग बुडाला असता आणि वर्ग केल्यावर लगेच संध्याकाळचा स्वयंपाक. दोन्हींतलं तू अक्षर निवडलंस. तू बसलीस की आजूबाजूच्या बायका पदर नाकाला लावून हळूच सरकायच्या. सतरंजीवर तुझ्याभोवती रिकामी जागा राहायची. तुला ती दिसत नव्हती असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. तू पाटीवर वाकून, जीभ दातात धरून, अक्षर गिरवायचीस. अकरा अक्षरं आली होती तुला. एक दिवस तू मान वर करून मला हाक मारलीस, “ये पोरी, हे बराबर हाय काय पाह्य ना!” आणि तुझी पाटी घ्यायला मी पुढे वाकले, तर तुझ्या बोटांचा, घामाचा, खवल्यांचा वास माझ्या तोंडावर आला आणि मला ओकारी आली. मागे कोणीतरी खुसखुसलं, “माय आन् लेक दोघीही तळ्यातल्याच.” माझा बिल्ला त्याच क्षणी मातीमोल झाला असं मला वाटलं. ज्या माशांवर माझी वह्या-पुस्तकं यायची, त्याच माशांची मला शिसारी आली. आणि माशांची कुठली, तुझीच आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मासे टोपलीत लावत होतीस. मी केस विंचरता विंचरता म्हटलं, “माय, वर्ग बंद झाला. त्या बाईची बदली झाली म्हणतात.” इतकं सोपं होतं ते. तू विचारलंस, “मंग पाटी वापस कराची काय?” मी हो म्हटलं. तू पदराने ती पाटी पुसलीस, दोन्ही बाजूंनी, आणि माझ्या हातात दिलीस. आदल्या दिवशी गिरवलेलं काय होतं तेही मी पाहिलं नाही. वर्ग पुढे पाच महिने चालला. शेवटी सगळ्या बायकांना प्रमाणपत्र मिळालं आणि मला शाबासकी. मला पंचक्रोशीतल्या त्या बायकांची नावं अजून आठवतात, कोणाला अक्षर आलं, कोणाला नाही. तू मात्र मरेपर्यंत बसच्या दाराशी उभी राहून ‘भाऊ, मूलची होय काय?’ असं विचारत राहिलीस.

माझी मुलगी आता चंद्रपूरला कॉलेजात आहे. तिने माझी थट्टा केली असती, तिला माझी लाज वाटली असती, तर मला कदाचित बरं वाटलं असतं. चला, फिटलं, असं म्हणता आलं असतं. पण ती तशी नाही. सुट्टीत आली की माझे प्रश्न विचारते, चुकलं की खणखणीत रागावते, आपल्या मैत्रिणींना फोनवर सांगते की आमच्या आईचा पेपर आहे, गोंधळ करू नका. परवा माझं उत्तर वाचून म्हणाली, “आई, तू लय घाण अक्षर काढते, पण लिहिते चांगलं.” पंधरा वर्षांच्या मला एवढंही जमलं नव्हतं.

काल पहिला पेपर होता. या वेळी मी कोणाचा ताप मोजला नाही. सकाळी नवऱ्याने स्वतः भात लावला, तो करपला, त्यांनी तसाच डब्यात भरला आणि तोंड वाकडं करून गेले. दूध ओट्यावर उतू गेलं. अंगणवाडीत मदतनीस बाईकडून दोन फोटो राहिले आणि मला त्याबद्दल ऐकून घ्यावं लागेल. सासूबाईंनी चहा मिळाला नाही म्हणून दोन शब्द सुनावले, मग शेजारणीकडे जाऊन पिऊन आल्या. बस एवढंच झालं. वीस वर्षं ज्या प्रलयाची मी सगळ्यांना भीती घातली, तो एका करपलेल्या पातेल्याएवढा होता. मी वरोऱ्याच्या त्या वर्गात तीन तास बसले, शेजारच्या बाकावर माझ्या मुलीच्या वयाची पोर. पाचपैकी चार प्रश्न लिहिले. अजून तीन पेपर आहेत आणि मी जाणार आहे, पण म्हणून माझ्याबद्दल मला फार चांगलं वाटतंय असं समजू नकोस. लिहिताना सारखं एकच डोक्यात होतं की मला कोणी खोटं सांगून इथून उठवलं नाही.

एवढं लिहून मी थांबणार होते. वही मिटून ठेवली होती, पुन्हा उघडली. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, मुलीलाही नाही. पेपर संपले की उरलेल्या रद्दीत जातील. म्हणून शेवटचं सांगून टाकते.

वर्ग बंद झाला म्हणून सांगितल्यावर आठवड्याभराने तू समाजमंदिरावरून आली होतीस. टोपली डोक्यावर, बाजारातून परतताना. आत मी फळ्यावर अक्षरं काढत होते आणि बायका मोठ्याने म्हणत होत्या. माझं लक्ष खिडकीकडे गेलं. तू बाहेर उभी होतीस. तू फळा पाहिलास, बायकांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आपली नजर मिळाली, माय. तू हाक मारली नाहीस. टोपली सावरलीस आणि चालू लागलीस, आणि घरी आल्यावर माझ्या ताटात मरळीचा मधला तुकडा वाढलास, नेहमीसारखाच. त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीच तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तू गेल्यापासून मी लोकांना सांगते की माझी आई अडाणी होती पण फार समजूतदार होती. लोकांना ते आवडतं. लाज मला पुढे वाटली, फार पुढे. तेव्हा खिडकीतून तुझी पाठ दिसली तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं होतं की सुटले, ही आत आली नाही.